तीन चाकं, दोन खाती आणि १९८५ची होन्डा एटीसी ११०

जुनी तीनचाकी एटीव्ही घ्यायची, स्वतःच्या नावावर करायची, चालू करायची आणि रीतसर स्टिकर लावून वाळूत न्यायची, हे सगळं मिशिगनमध्ये करायला मला ऑक्टोबर २०२३ ते जून २०२४ एवढा काळ लागला. त्यातला बराचसा वेळ पाना-स्क्रूड्रायव्हरपेक्षा कागदात आणि "ही नक्की कुठल्या वर्षाची" या प्रश्नात गेला. मराठीत यावर काही सापडलं नाही आणि इंग्लिशमध्ये जे आहे ते दहा ठिकाणी दहा तुकड्यांत, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय, इकडे कुणाला असलंच खूळ लागलं तर निदान सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल.

ज्यांना हे वाहन माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पुढे एक चाक, मागे दोन, तिन्ही टायर जाडजूड फुग्यासारखे, मोटरसायकलसारखं हँडल, एकाच माणसाची सीट. रस्त्यासाठी नाही, फक्त शेत, वाळू, बर्फ, चिखल यासाठी. होन्डानं १९७० साली यूएस९० नावानं पहिली काढली, ८९ सीसी, किंमत ५९५ डॉलर. अमेरिकेतल्या होन्डाच्या डीलरांची तक्रार होती की थंडीत मोटरसायकली विकल्याच जात नाहीत, काहीतरी हिवाळ्यात खपेल असं द्या, आणि ओसामू ताकेउची नावाच्या इंजिनियरच्या टीमनं डोकं लढवून हे काढलं. पुढे तिचं नाव एटीसी९० झालं, एटीसी म्हणजे ऑल टेरेन सायकल, आणि १९७९ला तिच्या जागी एटीसी ११० आली ती १९८५पर्यंत चालली. माझी शेवटच्या वर्षाची आहे.

मी मूळचा सांगलीचा, आता डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टनला राहतो, नोकरी गाड्यांच्या सीटच्या टेस्टिंगची, म्हणजे इंजिनाशी पोटापाण्याचा संबंध शून्य. पण बाबांची हिरो होन्डा सीडी१०० मी शाळेत असल्यापासून उघडून बसायचो त्यामुळे छोट्या होन्डा इंजिनाची भीती नव्हती. नोव्हायला राहणारा कॉलेजचा एक मित्र आहे, त्याच्याकडे ट्रेलरची हुक असलेला पिकअप आहे, हे या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं भांडवल.

जाहिरात दिसली ऑक्टोबरच्या सुरुवातीला. "होन्डा थ्री व्हीलर ११०, चालू नाही, ७०० डॉलर", फोटो दोन, त्यातला एक अर्धा अंधारातला. फोन केला तर पलीकडे एक ऐंशीच्या आसपासच्या आजी. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, शेड रिकामं करायचंय, मुलाला यात रस नाही. मी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या: टायटल (म्हणजे मालकीचा सरकारी कागद) आहे का, कुणाच्या नावावर आहे, आणि मागची चाकं हातानं ढकलल्यावर फिरतात का. टायटल होतं, पण गेलेल्या आजोबांच्या एकट्याच्या नावावर. चाकं फिरत होती.

टायटलचा प्रश्न आधी विचाराच, अगदी भाव करायच्याही आधी. मिशिगनमध्ये एटीव्हीसारख्या वाहनालासुद्धा, त्याला इथे ओआरव्ही, म्हणजे ऑफ रोड व्हेइकल म्हणतात, गाडीसारखं टायटल लागतं. चाळीस वर्षांची वाहनं कितीतरी वेळा नुसत्या चिठ्ठीवर हात बदलत आलेली असतात आणि मग ज्याच्या हातात शेवटी राहते त्यानं निस्तरायचं. या आजोबांनी ती नव्वदच्या दशकात जुनीच घेतली होती पण रीतसर टायटल करून घेतलेलं. पत्र्याच्या डब्यात, त्याच डब्यात मूळ ओनर्स मॅन्युअलही होतं. हे मॅन्युअल पुढे माझ्या किती कामाला आलं ते सांगतोच.

१४ ऑक्टोबरला शनिवारी आम्ही क्लेअर गावाच्या बाजूला गेलो, कॅन्टनहून दोन-सव्वादोन तास. तीनचाकी मागच्या शेडमध्ये जुन्या स्नोब्लोअरच्या मागे. लाल प्लॅस्टिक उन्हानं गुलाबी पडलेलं, सीट फाटकी, तिन्ही टायर बसलेले आणि कडेला भेगाच भेगा. आता बघायचं काय? मी घरून यादी करून नेली होती, पण ती जशीच्या तशी इथे देत नाही, कारण यादीतलं निम्मं निरुपयोगी निघालं. कामाच्या गोष्टी अशा. दोरी ओढून स्टार्ट करायची मशीन आहे, तेव्हा दोरी सावकाश ओढा, कंप्रेशनचा अडथळा हाताला जाणवला पाहिजे, आणि सोडल्यावर दोरी आपण होऊन आत गेली पाहिजे. मागचा भाग उचलून एक्सल वर-खाली हलवा, खडखड वाजलं तर बेअरिंग गेलंय. हँडल डावी-उजवीकडे फिरवून अडकतंय का बघा. फ्रेमला वेल्डिंगचे नवे टाके दिसतात का बघा, विशेषतः मागे, कारण हिला सस्पेन्शन हा प्रकारच नाही, पुढचा फोर्क सरळसोट कडक, मागचा एक्सल फ्रेमलाच, त्यामुळे सगळे धक्के टायर आणि फ्रेम खातात. आणि ऑइल: डिपस्टिक काढली, ऑइल काळं होतं पण दुधाळ नव्हतं म्हणजे आत पाणी गेलेलं नाही. एवढ्यावर मी खूश.

मग आला फ्रेम नंबर. हे नीट वाचा, कारण या जुन्या तीनचाकींच्या स्पेसिफिकेशनचा सगळा गोंधळ इथेच सुटतो. १९८१ मॉडेल इयरपासून अमेरिकेत १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख नंबर, सक्तीचा झाला. जपानमध्ये बनलेल्या होन्डा एटीव्हीचा नंबर जेएच३ नं सुरू होतो आणि डावीकडून दहावं अक्षर म्हणजे मॉडेल इयर: बी म्हणजे १९८१, सी ८२, डी ८३, ई ८४, एफ ८५. आमच्या फ्रेमवर पुढच्या बाजूला चिखल आणि रंगाच्या थराखाली तो नंबर होता, ओल्या फडक्यानं आणि नायलॉनच्या ब्रशनं साफ केला, तारेचा ब्रश अजिबात वापरू नका, अंक पुसट झाले तर ऑफिसात कोण ऐकणार. दहावं अक्षर एफ. जाहिरातीत आजींच्या मुलानं १९८१ लिहिलं होतं, टायटलवर १९८५. टायटलवरचा आणि फ्रेमवरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला, मित्रानं वाचायचा मी बघायचा, मग उलट. एक लक्षात ठेवा, व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, तेव्हा ओ सारखं दिसलं तर ते शून्यच.

भाव ६००ला ठरला. पण पैसे देऊन मशीन लगेच उचलली नाही. आजींना सांगितलं की आधी कागद होऊ दे.

आता कागद. मिशिगनमध्ये डीएमव्ही (आपल्या आरटीओसारखं खातं) नाही, ते काम सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात होतं. मालक वारलेला असेल आणि कोर्टात प्रोबेट, म्हणजे त्याच्या मालमत्तेचं प्रकरण, उघडलेलं नसेल तर टीआर-२९ नावाचा एक पानी फॉर्म आहे, वारसानं लिहून द्यायचा की मी या वाहनाचा वारस, आधी हक्क हयात जोडीदाराचा, जोडीदार नसेल तर जवळच्या नातेवाइकाचा. त्याला मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडायची आणि मूळ टायटल. फॉर्म साइटवरून डाउनलोड होतो, फुकट. मी तो प्रिंट करून, जिथे सही लागते तिथे पिवळा कागद चिकटवून, पाकिटात परतीचं तिकीट लावून आजींना पाठवला. वेळ लागला तो दाखल्याला. त्यांच्याकडची शेवटची प्रत पेन्शनवाल्यांकडे गेलेली होती, नवी काउंटी क्लार्ककडून मागवावी लागली, आणि त्यात जवळजवळ महिना गेला. मला घाई करायची लाज वाटत होती, कारण त्या बाईला नवऱ्याच्या मृत्यूचा कागद पुन्हा मागवायला लावायचा तो कशासाठी, तर एका परक्या माणसाला खेळणं पाहिजे म्हणून. दोन-तीनदा फोन केला तेव्हा मशीनबद्दल बोललोच नाही, हवामानावर बोललो. त्याच म्हणाल्या शेवटी, "तुझी तीनचाकी काही पळून जात नाही रे, पळता येत असतं तर आधीच गेली असती." म्हणजे इंग्लिशमध्येच, पण सूर हाच.

ज्यांना हे पुढे करायचंय त्यांना एक: वारसाकडून टीआर-२९ आणि टायटलवर विक्रीची सही दोन्ही घ्या, आणि साध्या कागदावर किंमत, तारीख, व्हीआयएन लिहून दोघांच्या सहीची पावतीही करा. ती काउंटरवर मागतीलच असं नाही पण टॅक्स किमतीवर लागतो, तेव्हा जवळ असलेली बरी.

२१ नोव्हेंबरची अपॉइंटमेंट ऑनलाइन घेतली होती. काउंटरवरची बाई हुशार होती, तिनं कागद बघितले, "थ्री व्हीलर? माझ्या मामाचा पाय मोडला होता यावर" असं हसत म्हणाली आणि टाइप करायला लागली. टायटल फी ११ डॉलर, आणि ६०० डॉलरवर ६ टक्के यूज टॅक्स म्हणजे ३६, एकूण ४७. जास्तीचे ५ डॉलर भरले तर टायटल जागेवर मिळतं पण मला हिवाळाभर काही चालवायची नव्हती, मी टपालानं मागवलं, ते डिसेंबरात आलं. त्याच आठवड्यात थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आम्ही ट्रेलर भाड्यानं घेऊन मशीन आणली. आजींनी सोबत एक जुनं हेल्मेट दिलं, ते शोभेला ठेवलंय, एवढं जुनं हेल्मेट डोक्यात घालू नका.

घरी आल्यावर खरा विरोध सुरू झाला. बायकोनं तोपर्यंत सगळं वाचून काढलं होतं. "यावर बंदी आहे ना?" हा प्रश्न तुम्हालाही घरून येणार म्हणून नीट सांगतो. ऐंशीच्या दशकात तीनचाकीच्या अपघातांवरून अमेरिकन सरकारच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशननं कंपन्यांना कोर्टात खेचलं, डिसेंबर १९८७ मध्ये तडजोड झाली आणि एप्रिल १९८८ला कोर्टानं ती पक्की केली. होन्डा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलॅरिस यांनी नवीन तीनचाकी विकणं थांबवलं. ती तडजोड दहा वर्षांची होती, पण २००८च्या कायद्यानं नवीन तीनचाकी आयात करायला आणि विकायला पुन्हा मनाई झाली. म्हणजे बंदी नव्या विक्रीवर आहे, जुनी बाळगायला किंवा चालवायला नाही. पण मिशिगनचा स्वतःचा एक नियम आहे की १६ वर्षांखालच्या मुलानं तीनचाकी चालवायचीच नाही, सेफ्टी कोर्सचं सर्टिफिकेट असो नसो. आमची लेक बारा वर्षांची. तिचं तोंड एवढंसं झालं आणि बायकोचा विरोध तिथे निम्मा झाला. उरलेला निम्मा अजून शिल्लक आहे आणि तो असलेला बरा असं माझं प्रामाणिक मत आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत काम. गॅरेजमध्ये छोटा हीटर, बाहेर उणे दहा. आता आकड्यांकडे येतो कारण ज्याला स्पेसिफिकेशन पाहिजे तो इथेच थांबणार. नाव ११० असलं तरी इंजिन १०५ सीसीचं आहे: बोअर ५२ मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, ओव्हरहेड कॅम, हवेनं थंड होणारं, सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला. ४ गिअर, क्लच ऑटोमॅटिक, रिव्हर्स नाही. मागच्या एक्सलला चेन. मागे ड्रम ब्रेक. बॅटरी नाही, दोरी ओढायची. ॲक्सिलरेटर मुठीचा नाही, अंगठ्यानं ढकलायचा. तिन्ही टायर एकाच मापाचे, २२ बाय ११-८.

हे आकडे मी व्हिडिओ कॉलवर बाबांना वाचून दाखवत होतो, त्यांना सांगितलं होतं तीन चाकी घेतलीय, त्यांना वाटत होतं मी अमेरिकेत टमटम घेतली. स्ट्रोक ४९.५ म्हटल्यावर ते म्हणाले थांब. सीडी१०० चं पुस्तक त्यांनी अजून ठेवलंय. ५० बाय ४९.५, ९७.२ सीसी. स्ट्रोक तोच! भारतात सीडी१०० आली तीही १९८५ला. नंतर स्प्लेंडरलाही हेच माप. दोन्ही इंजिनं होन्डाच्या त्या झोपलेल्या सिलिंडरच्या घराण्यातली, पार्ट एकमेकांना बसतात असा अर्थ कुणी काढू नका, बसत नाहीत, पण ज्यानं गावाकडे स्प्लेंडरचे टॅपेट सेट केलेत त्याला या इंजिनापुढे बसल्यावर अनोळखी काही वाटणार नाही. आणि ऑटो क्लचचं म्हणाल तर ज्यांनी हिरो होन्डा स्ट्रीट चालवली असेल त्यांना सवय आहेच, गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो. त्या दिवसानंतर बाबा प्रकल्पात सामील झाले, रोज सकाळी (त्यांच्या) मेसेज: "आज काय उघडलं?"

टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे वॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट, इंजिन थंड असताना ०.०५ मिलिमीटर, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीला. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवायची, दोन्ही वॉल्व्ह सैल आहेत याची खात्री करायची, मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या. माझा एक्झॉस्ट घट्ट होता, तो सोडल्यावर दोरी ओढताना फरक हाताला कळला. एवढ्या कमी क्लिअरन्सला गेजची ती सगळ्यात पातळ पट्टी वाकडी झालेली असेल तर नवीन घ्या, दहा डॉलरची वस्तू आहे.

कार्ब्युरेटर केहिनचा. आत वाळलेल्या पेट्रोलचा हिरवा-तपकिरी राळेसारखा थर. पूर्ण उघडून जेट बाहेर काढून साफ केले, जेटच्या भोकातून उजेड दिसला पाहिजे, आणि भोकात लोखंडी तार घालू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडलं. गॅस्केट किट एका ऑनलाइन दुकानातून मागवलं, त्यावर लिहिलेलं "१९७९ ते ८५ सगळ्यांना", आलं ते बसेना, परत पाठवलं, दोन आठवडे गेले. मी म्हणतोय ते हेच की "सगळ्यांना" लिहिलेलं असलं तर सावध व्हा. हे मॉडेल सात वर्षं चाललं आणि आतल्या आत बदलत गेलं, सुरुवातीच्या वर्षांत इग्निशनला (ठिणगी पाडायला) पॉइंट्स होते नंतर इलेक्ट्रॉनिक सीडीआय आलं. इंटरनेटवर जे तक्ते फिरतात त्यात ८०चं आणि ८५चं एकाच रांगेत कोंबलेलं असतं, कधीकधी एटीसी१२५एम या वेगळ्याच मॉडेलचा आकडासुद्धा मध्येच घुसलेला दिसतो. माझी पद्धत अशी झाली की मॅन्युअलमध्ये आहे तो आकडा खरा, मॅन्युअलमध्ये नसेल तर वर्षानुसार होन्डाच्या पार्ट नंबरवरून शोधायचं, आणि कुणाच्या तक्त्यावरून काहीही मागवायचं नाही. पार्ट नंबर दिल्यावर डीलरच्या काउंटरवरचा पोरगाही दोन मिनिटांत सांगतो की मिळेल का बंद झालाय.

इंजिन मात्र उघडलं नाही. मोह होत होता, नवीन पिस्टन रिंग, नवीन हे, नवीन ते. मित्र म्हणाला, धूर नाही, कंप्रेशन आहे, कशाला? बरोबर आहे त्याचं.

टायर हा मोठा खर्च. तीन टायर २८५ डॉलर, बसवणावळ वेगळी ६०. आणि इथे सगळ्यात विचित्र आकडा: हवा २.२ पीएसआय. बावीस नाही, दोन पॉइंट दोन. आपल्या कारमध्ये तीसच्या वर असते. अंगठ्यानं दाबलं तर टायर पिकल्या पपईसारखा दबतो आणि तो तसाच पाहिजे, कारण या मशीनचं सस्पेन्शन तेच आहे. कारचं गेज एवढं कमी वाचूच शकत नाही, त्यासाठी लो प्रेशरचं वेगळं गेज मिळतं, मी १५ डॉलरला घेतलं. मागच्या दोन टायरांत किंचित जरी फरक राहिला तर मशीन एका बाजूला ओढते, कारण एक टायर मोठा होतो एक लहान. गेजवर विश्वास नसेल तर शिंप्याच्या टेपनं दोन्ही टायरांचा घेर मोजा, सारखा आला पाहिजे. पंपावरच्या कॉम्प्रेसरनं भरू नका, क्षणात दहाच्या वर जाते, सायकलचा हातपंप उत्तम.

बाकी किरकोळ: ब्रेक शू ३०, केबल दोन मिळून ४०, सीट कव्हर ३५, ऑइल, प्लग, पेट्रोलची नळी सगळं मिळून ४०च्या आत. मूळ सायलेन्सर गंजलेला होता पण भोकं नव्हती, तो जपला. तुम्हीही जपा. कायद्यानं स्पार्क अरेस्टर (धुरातून ठिणग्या बाहेर पडू न देणारा भाग) लागतो, अमेरिकन फॉरेस्ट सर्व्हिसनं मान्य केलेला, मूळ सायलेन्सरमध्ये तो असतोच. आणि आवाजालाही मर्यादा आहे, २० इंचांवरून मोजतात. बाजारातले फटफट करणारे पाइप लावले की दोन्ही भानगडी ओढवून घेता.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी चालू झाली. दोरी ओढून ओढून खांदा गेला होता, मित्राचाही गेला, आणि मग चोक अर्धा ठेवून एकदम धडधडायला लागली. बाबांना कॉल लावला, तिकडे रात्रीचे अकरा-साडेअकरा, त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाले "टॅपेट थोडा वाजतोय". खरंच वाजत होता.

एप्रिलमध्ये स्टिकर. टायटल सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पण ओआरव्ही लायसन्सचं स्टिकर डीएनआरकडे, म्हणजे नॅचरल रिसोर्सेस खातं, ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं. टायटल म्हणजे फक्त मालकी, त्याच्यावर तुम्ही सरकारी जमिनीवर चालवू शकत नाही. लायसन्स २६.२५ डॉलर आणि ट्रेल परमिट १०, मिळून ३६.२५, ऑनलाइन किंवा दुकानातही मिळतं. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, तेव्हा मार्चमध्ये अजिबात घेऊ नका, चार दिवसांत संपेल. जूनमधल्या एका वीकेंडला सरकार फुकट चालवू देतं, लायसन्स-परमिट दोन्ही माफ, ज्यांना नुसतं करून बघायचंय त्यांना ते बरं, मला मात्र त्या गर्दीत पहिल्यांदा जायचं नव्हतं.

चालवायला शिकणं हा वेगळाच विषय. मे महिन्यात मित्राच्या ओळखीतल्या एका शेतावर, नांगरलेल्या सपाट रानात, परवानगी घेऊन. मोटरसायकल येणाऱ्याला हे लवकर येईल असं वाटतं आणि तिथेच धोका आहे. मागच्या एक्सलला डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, त्यामुळे हँडल वळवलं तरी मशीन सरळच जायला बघते. मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते करावं लागतं: अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं आणि वजन बाहेरच्या फूटपेगवर द्यायचं, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि मग ती वळते. शरीराला हे उलटं वाटतं. आणि पाय खाली टेकवायचा नाही, कधीच नाही. मोटरसायकलवर तोल गेला की आपण पाय टेकवतो, इथे पाय टेकवला की मागचं चाक त्याच्यावर चढतं. काउंटरवरच्या बाईच्या मामाचं हेच झालं असणार. आडव्या उतारावर चालवायचं नाही, मागे कुणाला बसवायचं नाही. बूट घोट्याच्या वरपर्यंत, हेल्मेट, गॉगल, ग्लोव्हज. हेल्मेट सक्तीचं आहे, बाकीचं तुमच्या हाडांसाठी. पहिला दिवस मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच इंग्लिश आठचा आकडा काढत बसलो होतो, मित्र कंटाळून पिकअपमध्ये झोपला.

११ जूनला, मंगळवारी, सुट्टी टाकून सिल्व्हर लेक. हे लेक मिशिगनच्या काठावर मिअर्सजवळ, ओशियाना काउंटीत, वाळूच्या टेकड्या, त्यातला उत्तरेकडचा सुमारे ४५० एकरांचा भाग ओआरव्हीला मोकळा, मधला भाग चालणाऱ्यांचा, आणि दक्षिणेकडे मॅक वुड्सवाले पर्यटकांना मोठ्या गाडीतून फिरवतात, तो धंदा १९३० पासून चालू आहे. ओआरव्हीचा भाग १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. प्रत्येक वाहनाला नारिंगी झेंडा लागतो, जमिनीपासून किमान १० फूट उंच, टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला आधी झेंडा दिसावा म्हणून. झेंड्याची काठी २५ डॉलरला, ११०च्या मागच्या फ्रेमला क्लॅम्प लावून बसवली. कारला स्टेट पार्कचा रिक्रिएशन पासपोर्ट वेगळा लागतो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी जायचं असेल तर आधी व्हाउचर लागतं का ते डीएनआरच्या साइटवर बघून निघा.

गेटवरच्या रेंजरनं स्टिकर बघितलं, झेंडा बघितला, मग मशीनभोवती एक चक्कर मारून वर्ष विचारलं. मी पंच्याऐंशी सांगितलं, त्यानं दहावं अक्षर कुठलं विचारलं! एफ म्हटल्यावर मान हलवून सोडलं. आत सगळे हजार सीसीचे साइड-बाय-साइडवाले, म्हणजे शेजारी शेजारी सीट असलेल्या मोठ्या चारचाकी मशीनवाले, त्यांच्यात आमचं १०५ सीसी. टेस्ट हिल नावाची मोठी चढण आहे तिच्या वाटेला गेलोच नाही, एवढ्या ताकदीत अर्ध्यात थांबून मागे गडगडायचं म्हणजे ब्रेक फक्त मागे आणि रिव्हर्सही नाही. खालच्या लहान टेकड्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरत राहिलो. वाळूत ते २.२ पीएसआय काय चीज आहे ते कळतं, शेजारी मोठी मशीन रुतते आणि ही वरून चालत जाते. लेक आणि बायको पायी भागात बसून बघत होत्या, लेकीनं हिशोब करून ठेवलाय की तिला सोळा पूर्ण व्हायला अजून किती उन्हाळे आहेत, आणि तोपर्यंत मशीन विकायची नाही असं माझ्याकडून लेखी घेतलंय.

एकूण खर्च म्हणाल तर मशीन ६००, टायटल-टॅक्स ४७, टायर बसवणावळीसकट ३४५, बाकी पार्ट दीडशेच्या आसपास, गेज, झेंडा, स्टिकर मिळून ७६, आणि दोनदा ट्रेलरचं भाडं. साधारण तेराशे. एवढ्यात चालू स्थितीतली एखादी मिळालीही असती, पण मग टायर नवे आहेत का आणि टॅपेट कधी बघितले हे विचारत बसावं लागलं असतं. हेल्मेट-बूट यात धरलेले नाहीत, ते घरात सांगताना वेगळ्या खात्यात टाका.

घरी आल्यावर वाळू सगळीकडे, एअर फिल्टरमध्ये तर फारच, फोम धुऊन वाळवून ऑइल लावून बसवला. पुढच्या स्प्रॉकेटच्या मागून थोडं ऑइल झिरपतंय, सील मागवलंय, या वेळी पार्ट नंबर टाकून. बाबांचं म्हणणं आहे की सील बदलतोच आहेस तर चेनही बघ.